नंबर जुळत नाहीत, म्हणून ते रिव्हॉल्व्हर खोटं ठरत नाही

वाचकाचं पत्र:

ताई, सादर नमस्कार.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीनिमित्त न्यू जर्सीत आलो आणि एडिसनजवळ स्थिरावलो. आमच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक अमेरिकन आजी एकट्या राहतात. आमची मुलं त्यांच्या अंगणातच वाढली. आता घर विकून त्या लेकीकडे राहायला चालल्या आहेत. आवराआवर करताना त्यांनी कपाटातून एक जुनं कोल्ट रिव्हॉल्व्हर काढलं आणि म्हणाल्या, ‘हे तूच घे, तुला योग्य वाटेल ते दे.’ ते त्यांच्या यजमानांच्या आजोबांचं. हे आजोबा १८७७ साली जन्मले. रिव्हॉल्व्हर १८७६च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईतलं (अमेरिकन सैन्य आणि तिथल्या मूळ जमाती यांच्यातली ही लढाई), जनरल कस्टरच्या घोडदळाचं आहे, असं त्यांच्या घरात पहिल्यापासून सांगतात.

मुठीच्या तळाशी नंबर आहे तो सहा हजारांतला. फ्रेमच्या, म्हणजे मधल्या धातूच्या सांगाड्याच्या खाली, चापाच्या कडीपुढे मात्र वेगळाच पाच आकडी नंबर आहे, पन्नास हजारांच्या थोडा अलीकडचा. फ्रेमच्या डाव्या बाजूला ‘यू. एस.’ आणि पेटंटच्या तीन तारखा आहेत. शेवटची १९ जानेवारी १८७५. नळी मोजली, साडेपाच इंच भरली. मुठीच्या लाकडावर लंबगोलात ‘आर. ए. सी.’ अशी पुसट अक्षरं दिसतात.

एका शस्त्रप्रदर्शनात विक्रेत्याला फोटो दाखवले. तो म्हणाला, ‘ही जोडाजोड आहे, अशीच ठेवलीत तर काही मोल नाही. माझ्याकडे जुनी साडेसात इंची नळी आहे. ती बसवतो, नंबर जुळवून देतो, मग कस्टरचं म्हणून विकता येईल.’

हे खरं आहे की खोटं? आजींना किती द्यावेत? वरचा गंज ब्रासोनं काढू का? आणि पुढेमागे साताऱ्याच्या घरी नेऊन दिवाणखान्यात लावता येईल का?

— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर:

नमस्कार.

सगळ्यात आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. ते रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची खात्री कुणी केली आहे का? वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या शस्त्रात काडतूस राहून गेलेलं असू शकतं. या कोल्टचं सिलिंडर बाहेर निघून पडत नाही. उजव्या बाजूला एक छोटं दार असतं, ते उघडून एकेक घर तपासावं लागतं. सवय नसेल तर स्वतः घोडा ओढून बघू नका. नळी भिंतीकडे करून ठेवा आणि एखाद्या परवानाधारक गनस्मिथला घरी बोलवा. सहाही घरं रिकामी आहेत हे त्यानं दाखवल्यावरच मुलांना त्या खोलीत येऊ द्या.

आता तुमचा पहिला प्रश्न. फोटो आणि पत्र यांवरून जितकं सांगता येतं तितकं सांगते, शेवटचा शब्द हातात घेऊन तपासणाऱ्याचा. पण तुम्ही लिहिलेली प्रत्येक खूण मला एकाच दिशेला नेते. विक्रेता ज्याला जोडाजोड म्हणाला, ती जोडाजोड बहुधा खुद्द अमेरिकन सैन्यानं केलेली आहे.

१८७३ साली अमेरिकन सैन्यानं घोडदळासाठी कोल्टचं .४५ बोअरचं ‘सिंगल अॅक्शन आर्मी’ हे रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. पहिली मागणी ८,००० नगांची होती, दर नगाला १३ डॉलर. घोडदळाच्या रिव्हॉल्व्हरची नळी साडेसात इंच, फ्रेमवर ‘यू. एस.’ आणि मूठ एकसंध अक्रोडाच्या लाकडाची. कोल्टच्या हार्टफर्डच्या कारखान्यात सरकारचा तपासनीस बसायचा. प्रत्येक नग त्याच्या हाताखालून जायचा, मंजूर झाला की मुठीवर लंबगोलात त्याची आद्याक्षरं उमटायची आणि सुट्या भागांवर बारीक अक्षराचा शिक्का बसायचा. पहिला तपासनीस ओ. डब्ल्यू. एन्सवर्थ. त्याच्यानंतर क्लीव्हलंड, नेटल्टन, डी. एफ. क्लार्क असे बदलत गेले आणि शेवटच्या खेपा रिनाल्डो ए. कार यानं तपासल्या. १८९१ पर्यंत सरकारनं सुमारे ३७,००० नग घेतले.

संग्राहक या तपासनिसांची नावं तोंडपाठ करतात, कारण नंबर आणि आद्याक्षरं यांचा मेळ बसावा लागतो. तुमच्या मुठीच्या तळाचा, म्हणजे मुठीच्या मागच्या धातूच्या पट्टीवरचा, सहा हजारांतला नंबर १८७४ सालचा, म्हणजे एन्सवर्थच्या काळातला. त्या काळातल्या फ्रेमवर पेटंटच्या दोनच तारखा असतात, १९ सप्टेंबर १८७१ आणि २ जुलै १८७२. १८७५ च्या जानेवारीत मिळालेल्या पेटंटची तारीख १८७४ मध्ये घडवलेल्या फ्रेमवर येणं अशक्य. म्हणून फ्रेम आणि मुठीची मागची पट्टी एकाच रिव्हॉल्व्हरच्या नाहीत, हे नंबर न बघताही कळलं असतं. फ्रेमवरचा पन्नास हजारांच्या अलीकडचा नंबर १८७० च्या दशकाच्या शेवटचा आहे आणि तिथं तीन तारखा असायलाच हव्यात. म्हणजे फ्रेम तिच्या स्वतःच्या नंबराशी प्रामाणिक आहे. ही फार चांगली खूण आहे. खोटं करणारा माणूस बहुतेक वेळा नेमका इथं चुकतो. तो हवा तो नंबर ठोकतो, पण तारखांच्या ओळी बदलायला विसरतो.

मग दोन वेगळ्या वर्षांचे भाग एकत्र आले कसे? १८९२ मध्ये सैन्यानं .३८ बोअरचं नवं डबल अॅक्शन रिव्हॉल्व्हर स्वीकारलं आणि जुने .४५ कोल्ट कोठारांत जमा झाले. १८९५ पासून पुढच्या आठ-नऊ वर्षांत स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात आणि कोल्टच्या कारखान्यात या जुन्या रिव्हॉल्व्हरांची हजारोंच्या संख्येनं दुरुस्ती झाली. नळ्या टोकाकडून दोन इंच कापून साडेपाच इंचाच्या केल्या, नेम धरायची माशी नव्यानं बसवली आणि नग पुन्हा जोडले. जोडताना कुणाची पट्टी कुणाच्या फ्रेमला लागली, हे कारागिरानं पाहिलं नाही. त्याला तसं सांगितलेलंच नव्हतं. काम नीट व्हावं आणि नग लवकर पलटणीकडे जावा, एवढंच त्याला हवं होतं. दुरुस्त झालेले नग पुन्हा तपासले गेले. ते तपासणाऱ्यांत कार होता आणि त्याची आद्याक्षरं आर. ए. सी. तुमच्या मुठीवर जी पुसट दिसतात ती हीच.

संग्राहकांनी या नगांना ‘आर्टिलरी मॉडेल’ असं नाव दिलं, कारण पहिल्या खेपा हलक्या तोफखान्याकडे गेल्या. पुढं पायदळानंही ते वापरले, घोडदळानंही. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात थिओडोर रूझवेल्टच्या स्वयंसेवक घोडदळाकडे, म्हणजे ‘रफ रायडर्स’कडे, हीच साडेपाच इंची .४५ कोल्ट होती. फिलिपिन्सच्या लढायांत .३८ च्या गोळीनं समोरचा माणूस थांबत नाही, अशी सैनिकांची तक्रार झाली, तेव्हा हे जुने .४५ पुन्हा बाहेर काढून तिकडे धाडण्यात आले. अमेरिकेनं १९११ साली स्वीकारलेलं पिस्तूल .४५ चं झालं, त्यामागे त्या अनुभवाचा मोठा वाटा आहे.

साडेपाच इंची नळी, न जुळणारे नंबर, कारचा शिक्का आणि यू. एस. ची खूण, या चारही गोष्टी आर्टिलरी मॉडेलमध्ये जशा असाव्यात तशाच आहेत. न जुळणारे नंबर हा इथं दोष नाही. उलट, एखाद्या आर्टिलरी मॉडेलचे सगळे नंबर गुळगुळीत जुळताना दिसले, तर मी अधिक बारकाईनं बघेन.

म्हणून त्या विक्रेत्याच्या हाती हे रिव्हॉल्व्हर देऊ नका. अगदी एका दिवसासाठीसुद्धा नको. तो जे सुचवतोय तो या क्षेत्रातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात दुःखद उद्योग आहे. घोडदळाच्या मूळ नगाला आर्टिलरी मॉडेलच्या कितीतरी पट किंमत येते, आणि कस्टरच्या पलटणीशी नाव जोडलं गेलं तर त्याहूनही जास्त. म्हणून किती तरी प्रामाणिक आर्टिलरी मॉडेलच्या नळ्या काढून त्या जागी लांब नळ्या बसवल्या गेल्या, जुने नंबर घासून नवे ठोकले गेले आणि मुठीवर एन्सवर्थची खोटी आद्याक्षरं दाबली गेली. असं केलं की दोन गोष्टी मरतात. फिलिपिन्सला किंवा क्युबाला गेलेलं असू शकणारं खरं रिव्हॉल्व्हर कायमचं जातं, आणि त्याच्या जागी एक खोटं उभं राहतं जे पुढं दहा खऱ्यांवर संशय आणतं. आजींच्या कुटुंबानं शंभराहून अधिक वर्षं जे सांभाळलं, ते आपल्या हातून असं व्हावं हे तुम्हालाही आवडणार नाही, याची मला खात्री आहे.

आता लढाईची गोष्ट. लिटल बिगहॉर्नची लढाई २५ आणि २६ जून १८७६ ची, मोंटानामधली. कस्टरच्या सातव्या घोडदळाच्या बारा तुकड्या तिथं होत्या. त्यांतल्या पाच कस्टरबरोबर गेल्या आणि त्याच्यासोबत शेवटपर्यंत राहिलेल्यांपैकी एकही सैनिक वाचला नाही. त्यांची शस्त्रं लकोटा आणि शायेन या मूळ अमेरिकी जमातींच्या योद्ध्यांनी नेली. ती त्यांच्या गावांवर चालून आलेल्या सैन्याची शस्त्रं होती, हेही लक्षात असू द्या. या लढाईच्या रिव्हॉल्व्हरांबद्दल बोलताना संग्राहक फक्त एकाच बाजूचं दुःख आठवतात. रीनो आणि बेंटीन या कस्टरच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांबरोबरच्या बाकीच्या तुकड्या टेकडीवर तग धरून वाचल्या, त्यांची शस्त्रं सैन्याकडेच राहिली.

सातव्या घोडदळाकडे गेलेले कोल्ट एन्सवर्थनं तपासलेल्या सुरुवातीच्या खेपांतले होते. म्हणून तुमच्या मुठीच्या तळाची पट्टी त्या लढाईत असलेल्या एखाद्या रिव्हॉल्व्हरची असूच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. पण त्याच खेपांतली हजारो रिव्हॉल्व्हरं इतर पलटणींकडे गेली. एका पट्टीवरच्या आकड्यावरून ती कुठल्या सैनिकाच्या कंबरेला होती, हे सांगता येत नाही. आणि यजमानांचे आजोबा त्या लढाईनंतर एका वर्षानं जन्मले. म्हणजे त्यांनी ते तिथून आणलं, हे तर होऊच शकत नाही. १८९८ मध्ये मात्र ते एकवीस वर्षांचे होते. हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

इथं घाई करू नका. कस्टर सुटला म्हणून लगेच रूझवेल्टला धरू नका. युद्धानंतर सैन्यानं जुनी शस्त्रं मोठ्या प्रमाणात विकून टाकली. न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस बॅनरमन यांच्यासारखे व्यापारी ती ढिगानं विकत घेत आणि छापील यादी काढून टपालानं विकत. आजोबांनी सैन्यात न जाताही असं एखादं विकत घेतलेलं असू शकतं. शोध घ्यायचा तर त्यांच्या नावापासून सुरू करा. १८९८ च्या स्वयंसेवक पलटणींचे हजेरीपट आणि पुढच्या काळातल्या निवृत्तिवेतनाच्या नोंदी वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, नावावरून शोधता येतात. घरातलं जुनं बायबल, त्यात लिहिलेल्या जन्मतारखा, एखादा गणवेशातला फोटो, पेटीच्या तळाशी राहिलेलं पदक, हे सगळं आजींना आता विचारा. त्या घर बदलताहेत. स्थलांतराच्या गडबडीत असा एखादा कागद रद्दीत गेला की तो गेलाच.

तुम्ही साताऱ्याचे आहात, म्हणून एक आठवण करून देते. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शित झाली. त्यांच्या पेटीवर मजकूर आहे की ही शिवाजी महाराजांची, आणि साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफला ती भेट मिळाली. पण खुद्द त्या संग्रहालयानं हेही स्पष्ट सांगितलं आहे की अफझलखानावर वापरलेली वाघनखं हीच, असं सिद्ध करता आलेलं नाही. पेटीवरचा मजकूर हा एक पुरावा आणि पेटीतली वस्तू हा दुसरा, दोन्ही स्वतंत्रपणे तपासावे लागतात. असं बोलल्यानं महाराजांबद्दलचा आदर कमी होत नाही, आणि तुम्ही आजींच्या घरातली गोष्ट तपासलीत तर आजींचाही अपमान होणार नाही. त्यांना नीट समजावून सांगा. बहुतेक माणसांना आपल्या आजोबांबद्दल खरं काय ते जाणून घ्यायलाच आवडतं.

त्या गोष्टीलाही मोल आहे, फक्त ती गोष्ट म्हणूनच ठेवायची. आजींना कागदावर लिहायला सांगा: हे कुणाचं होतं, त्यांनी स्वतः ते पहिल्यांदा कुठं पाहिलं, लिटल बिगहॉर्नबद्दल त्यांना कुणी सांगितलं. तारीख, सही आणि नंबर घाला. त्या लिहिताना त्यांना दुरुस्त करू नका, त्यांच्या शब्दांतच असू द्या. शंभर वर्षांनी कुणी हे रिव्हॉल्व्हर तपासेल तेव्हा ही चिठ्ठी त्याच्या हाती असलेला पहिला विश्वासार्ह कागद असेल.

शिक्कामोर्तब कसं करायचं? कोल्ट कंपनीचा अभिलेख विभाग शुल्क घेऊन नंबरावरून पत्र देतो. ते मागवा, पण त्यातून फार अपेक्षा ठेवू नका. सैन्याच्या नगांबाबत कंपनीच्या वह्यांत सहसा एवढंच असतं की अमुक तारखेला सरकारी तपासनिसाकडे सुपूर्द. कुठल्या पलटणीला गेलं, ते कंपनीला कळायचंच नाही. पलटणीचा माग लागला तर तो सैन्याच्या कागदांत लागतो. एखाद्या शिपायानं रिव्हॉल्व्हर हरवलं, तो पळून गेला, खटला चालला, तेव्हा लिहिणाऱ्यानं नंबर लिहिला. अशा नोंदींतून मिळालेल्या नंबरांच्या याद्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं खपून तयार केल्या आहेत. तुमच्याकडचे सगळे नंबर त्यांत बघून घ्यावेत. एखादा निघाला तर तो फक्त त्या भागाचा इतिहास असेल, संपूर्ण रिव्हॉल्व्हरचा नव्हे, हे मात्र विसरू नका.

आणि नंबर दोनच नसतात. घोडदळाच्या मूळ रिव्हॉल्व्हरमध्ये ते फ्रेमवर, चापाच्या कडीवर, मुठीच्या मागच्या पट्टीवर, सिलिंडरवर आणि नळीच्या खालच्या अंगाला, म्हणजे काडतूस ढकलून काढण्याच्या दांडीच्या नळकांड्याखाली झाकलेले असतात. शिवाय लाकडी मुठीच्या आत, पट्टीला चिकटणाऱ्या खोबणीत शाईनं लिहिलेला आकडा काही वेळा टिकून असतो. हे सगळे वाचायचे तर स्क्रू काढावे लागतात. ते काम तुम्ही करू नका. साध्या स्क्रूड्रायव्हरनं स्क्रूच्या खाचा रुंदावतात, आणि जाणकार माणूस पहिल्यांदा स्क्रूच बघतो. खाचा अखंड असतील तर आतलं फारसं कुणी हाताळलेलं नाही, एवढा अंदाज बांधता येतो. जुन्या कोल्टवर काम करणाऱ्या गनस्मिथकडून हे एकदाच करून घ्या, तुम्ही शेजारी उभे राहा आणि प्रत्येक नंबराचा, प्रत्येक बारीक अक्षराचा फोटो काढा. तिरक्या प्रकाशात काढा, म्हणजे खोली दिसते.

खोट्या खुणा ओळखायच्या कशा, हे तुम्हाला स्वतःला समजलं पाहिजे. तुमचं रिव्हॉल्व्हर बहुधा निर्दोष आहे, पण तपासून बघा. ‘यू. एस.’ च्या अक्षरांच्या कडा बोटाला टोचतात का? शंभराहून अधिक वर्षं हाताळलेल्या अक्षरांच्या कडा झिजलेल्या असतात. गंजानं पडलेल्या खळग्यांवर अक्षर बसलेलं असेल, म्हणजे खळगा अक्षराच्या खाली असेल, तर अक्षर नंतरचं. अक्षराभोवती धातू किंचित खोलगट झालेला दिसला, तर तिथलं जुनं काहीतरी घासून काढलेलं असण्याचा दाट संशय घ्या. फ्रेमच्या कोपऱ्यांकडे बघा. मूळ फ्रेमच्या कडा सरळ, धारदार असतात. कुणी नव्यानं निळं पाणी, म्हणजे गंज रोखणारा निळसर थर, चढवण्याआधी पॉलिशच्या चाकावर धरलं की त्या गोलावतात, आणि ते पुन्हा मागे नेता येत नाही. तुमच्या बाबतीत आणखी एक जागा आहे, नळीवरचा कंपनीचा पत्ता. साडेसात इंची नळीवर तो मधोमध कोरलेला असतो. नळी टोकाकडून कापल्यावर तो टोकाकडे सरकलेला दिसतो. तसा दिसला, तर नळीही खरोखर कापलेली घोडदळाचीच नळी आहे. हे मला तुमच्या फोटोवरून नीट दिसत नाही, म्हणून वरून, नळी आडवी धरून, एक फोटो काढा.

ब्रासोबद्दल मी कळकळीनं सांगते: ब्रासो नको, लिंबू-मीठ नको, सँडपेपर नको, स्टील वूल नको. लाकडाला तेलपॉलिशही नको. तो तपकिरी थर म्हणजे या रिव्हॉल्व्हरचं वय आहे. एका दुपारच्या उत्साहात तो गेला, तर किंमत अर्ध्यावर येते, आणि किंमत सोडा, ‘आर. ए. सी.’ ची पुसट अक्षरं कायमची जातात. लाल, भुकटीसारखा सुटणारा गंज असेल तरच तो थांबवायचा, तोही जाणकाराकडून. तुम्ही एवढंच करा: सुती हातमोजे घालून मऊ कोरड्या कापडानं पुसा, धातूवर शस्त्रांसाठीच्या हलक्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, लाकडाला तेल लागू देऊ नका. चामड्याच्या जुन्या पट्ट्यात किंवा पाकिटात ठेवू नका, चामडं दमटपणा धरून ठेवतं आणि त्यातली आम्लं लोखंड खातात. पाकीट मिळालं असेल तर ते शेजारी वेगळं ठेवा. तेही जपण्यासारखंच आहे.

ते चालवूनही बघू नका. बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूसाठी घडवलेलं लोखंड आहे. आजच्या काडतुसांचा दाब त्यासाठी नाही.

किमतीचा प्रश्न नाजूक आहे आणि मला तो तुमच्या इतर सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठा वाटतो, कारण आजींना यातलं काही कळत नाही आणि तुम्हाला आता कळतं. जो हे रिव्हॉल्व्हर स्वतः विकत घेऊ इच्छित नाही, अशा स्वतंत्र मूल्यांकनकाराला शुल्क देऊन लेखी किंमत काढून घ्या. विकत घेणारा आणि किंमत सांगणारा एकच माणूस नको. ते पत्र आजींना आणि त्यांच्या लेकीला दोघींनाही दाखवा. खरा आर्टिलरी मॉडेल हा काही टाकाऊ माल नाही, त्याला चांगले पैसे येतात. लेकीला वाटलं की हे घरातच ठेवावं, तर ते त्यांचंच आहे. त्यांनी तरीही तुम्हालाच द्यायचं ठरवलं, तर मूल्यांकनातल्या आकड्याच्या जवळपास द्या, आणि पावती करा. स्वस्तात मिळवलेली वस्तू दिवाणखान्यात टांगून आजींना फोन करणं तुम्हाला जड जाईल.

न्यू जर्सीचा कायदा आधी तपासा, आणि व्यवहाराआधी तपासा. देशाच्या पातळीवर १८९८ किंवा त्याआधी बनवलेलं शस्त्र ‘अँटिक’ धरलं जातं आणि त्याला बऱ्याच नियमांतून सूट आहे. पण राज्यांचे कायदे वेगळे आहेत आणि न्यू जर्सी त्यांतल्या कडक राज्यांपैकी. .४५ कोल्टची काडतुसं आजही दुकानात मिळतात, आणि जुन्या शस्त्राला सूट द्यायची की नाही हे ठरवताना काही कायदे नेमका हाच मुद्दा बघतात. स्थानिक पोलिसांच्या परवाना विभागाला लेखी विचारा, शस्त्रकायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्या, आणि परवाना लागत असेल तर तो हातात येईपर्यंत रिव्हॉल्व्हर आजींकडेच राहू द्या. शेजारच्या घरातून सहज उचलून आणलं, असं करू नका.

साताऱ्याला नेण्याचा विचार सोडून द्या. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या, पुरातन शस्त्रांना सूट आहे, पण ती फक्त अशा शस्त्रांना, जी दुरुस्त करूनही चालवता येणार नाहीत. तुमचं रिव्हॉल्व्हर आजही चालू शकेल. म्हणजे आयात, परवाना, कस्टम हे सगळे प्रश्न पूर्ण शस्त्राचेच, आणि सामान्य नागरिकाला बाहेरून बंदूक आणायला परवानगी मिळणं फार अवघड आहे. परवान्याशिवाय सामानात घालून इकडे आणणं तर गुन्हाच. कुणीतरी सुचवेल की नळीत वेल्डिंग करून बंद करा, मग नेता येईल. ते ऐकू नका. सैन्यानं नळी कापली ती वापरासाठी. आपण भिंतीवर टांगण्यासाठी ती नळी बंद करणं म्हणजे, विक्रेता जे करणार होता तेच वेगळ्या हातानं करणं.

आणि मला वाटतं, ते तिथंच राहणं योग्य आहे. हार्टफर्डला बनलं, न्यू जर्सीतल्या एका घरात टिकलं. तुमची मुलं तिथं वाढताहेत, आजींना ती ओळखतात. रिव्हॉल्व्हर कुलुपात ठेवा, कागद वेगळे ठेवा, आणि कुणाला तरी पुढं द्यायची वेळ आली तर कागदांसकट द्या. कुणालाच नको असेल, तर जवळच्या एखाद्या इतिहास संग्रहालयाला विचारा. घरातल्या चिठ्ठीसह आलेला आर्टिलरी मॉडेल त्यांना कस्टरच्या खोट्या रिव्हॉल्व्हरपेक्षा नक्कीच हवा असेल.

नळीच्या खालचा आणि सिलिंडरवरचा नंबर निघाला की मला कळवा. दोन्ही वेगळे निघाले तर घाबरू नका. सोबत फ्रेमवर आणि त्या दोन भागांवर दिसणारी बारीक अक्षरं जशीच्या तशी उतरवून पाठवा, म्हणजे कुठला भाग कुठल्या तपासनिसाच्या हाताखालून गेला, ते आपल्याला सांगता येईल.